सुलभीकरणाचा जाच

संगणकीय साधनांच्या जगात 'सोपे' या शब्दाइतका फसवा शब्द सध्या दुसरा नसेल. एखादे साधन अंगवळणी पडावे आणि एके सकाळी ते उघडताच बटणे जागची हललेली, रंग पालटलेले, ओळखीची नावे नाहीशी झालेली दिसावीत; वर एका चौकटीत, अर्थात इंग्रजीत, आता सारे पूर्वीपेक्षा सोपे झाल्याची ग्वाही असावी, हा अनुभव कोणालाच नवा नाही. बहुतेक जण दोन दिवस कुरकुरतात आणि सरावतात. त्यामुळे या विषयावर कोणी रागावून लिहिले तर ते हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. त्यातून मराठीच्या प्राध्यापकांनी बटणांच्या जागांवरून वाद घालावा, म्हणजे तर कहरच! आमचे म्हणणे असे की हा वाद भाषा शिकवणाऱ्यांनीच घालायला हवा, कारण तो मुळात साक्षरतेचा वाद आहे.

आम्ही बीड जिल्ह्यात मराठी शिकवतो. या जिल्ह्याचे नाव निघाले की दुष्काळ आणि ऊसतोड याखेरीज बाहेरच्यांना फारसे काही आठवत नाही. म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. २२ जून २०१५ रोजी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला आणि त्यापाठोपाठ 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द राज्यभर रूढ झाला. शब्द सरकारी असला तरी त्यामागची माणसे खरी होती. प्रोग्रॅमिंगचा एक तासही न शिकलेल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी पाढ्यांची, कवितांची, शब्दार्थांची ॲप्स स्वतः बनवली. हे शक्य झाले ते संकेतांची ओळही न लिहिता, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून ॲप घडवू देणाऱ्या साधनांमुळे. त्यांतले सर्वांत परिचित 'ॲप इन्व्हेंटर'. गूगलने ते जुलै २०१० मध्ये जाहीर केले आणि २०१२ पासून ते अमेरिकेतील एमआयटी ही संस्था चालवते. पुढे नव्या शैक्षणिक धोरणाने पदवी अभ्यासक्रमात कौशल्यविकासाच्या तासिका आणल्या आणि हे ठोकळे आमच्या वाङ्मयाच्या वर्गातही आले.

आमच्या विद्यार्थ्यांनी काय बनवले? जात्यावरच्या ओव्या आणि बोलीतले शब्द गोळा करून ऐकवणारे एक साधेसे ॲप. माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या ओवी-प्रकल्पासाठी बायकांच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या होत्या, हे मुलांना वर्गात सांगितले तेव्हा 'आमच्या आजीलाही येतात' असे दहा जण म्हणाले, आणि काम सुरू झाले. ॲप कोणत्या मंचावर बनवले त्याचे नाव येथे घेत नाही. तक्रार एकावर नाही, चालीवर आहे.

या मुलांची टिपणवही आम्ही जपून ठेवली आहे, कारण ती एक विलक्षण संहिता आहे. तीत साधनातल्या बटणांची इंग्रजी नावे जवळजवळ नाहीत. आहे ते असे: 'डावीकडं खालून तिसरं पिवळं', 'हिरव्याच्या पोटात बसतं तेच घे', 'वर कोपऱ्यात बाण असलेलं, दोनदा दाबायचं नाही'. वाचताना हसू येते. पण जरा थांबून पाहिले तर कळते की हे वाचनच आहे. ज्याला इंग्रजी शब्द पटकन वाचता येत नाही तो जागा वाचतो, रंग वाचतो, आकार वाचतो. जो रोज पोथी वाचतो त्याला हवी ती ओवी पानाच्या कोणत्या अंगाला आहे हे ठाऊक असते. तसेच हे. ही मुले त्या साधनात साक्षर झाली होती आणि ती साक्षरता त्यांनी स्वतः, स्वतःच्या बोलीत कमावली होती.

मग मांडणी बदलली. डावीकडचे उजवीकडे गेले, पिवळा रंग दुसऱ्याच गटाला मिळाला, तीन शब्दांच्या जागी तीन आडव्या रेघा आल्या. वही एका रात्रीत निरर्थक झाली.

वादाचा गाभा येथे आहे आणि तो नीट समजून घ्यावा, अशी वाचकांना विनंती आहे. मांडणी बदलते तेव्हा ती सर्वांसाठी बदलते, हे खरे. पण तिचा भुर्दंड सर्वांना सारखा पडत नाही. ज्याला इंग्रजी येते तो हललेले बटण नावावरून शोधतो, चार मिनिटांत. ज्याने जागेवरून ओळख ठेवली होती त्याची ओळखच पुसली जाते. त्याला पुन्हा 'ग म भ न' पासून सुरुवात. पुण्याच्या संगणक-अभियंत्याला जो बदल चहा निवेपर्यंत पचतो, तोच आष्टी-पाटोद्याच्या मुलीचा महिना खातो. आणि महिना म्हणजे काय हेही येथे सांगितले पाहिजे. आमच्या काही विद्यार्थ्यांची घरे दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. त्यांच्याबरोबर जाणारा मुलगा ऑक्टोबरात जे शिकला ते मार्चमध्ये तसेच सापडेल, याची हमी त्याला कोणी देत नाही. पाच महिन्यांनी गावी आल्यावर घराची वाट सापडते, पडद्यावरची वाट सापडत नाही.

'बदल हा प्रगतीचा नियम आहे' हे उत्तर आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की ते आता सुभाषितसंग्रहात घालावे. प्रश्न असा की, हे बदल खरोखरच प्रगतीच्या एका दिशेने होतात काय? मुलांना ठोकळ्यांनी प्रोग्रॅमिंग शिकवणारे 'स्क्रॅच' घ्या. पहिल्या आवृत्त्यांत चित्र हलते तो रंगमंच उजवीकडे होता. २०१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो डावीकडे नेला. २ जानेवारी २०१९ रोजी तिसरी आवृत्ती आली, तो पुन्हा उजवीकडे! दोन्ही वेळा कारणे असतीलच आणि तज्ज्ञांना पटण्याजोगी असतील. पण २०१३ नंतर ज्या गुरुजींनी पाठ तयार केले, फळ्यावर आकृत्या काढल्या, त्यांच्या श्रमाचा हिशेब कोणत्या वहीत आहे?

'ऑफिस'ची कथा तर घरोघरची. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांत लक्षावधी माणसांनी वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या 'फाइल' या शब्दावर बोट ठेवून संगणक शिकला. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागे. २००७ च्या आवृत्तीत तो शब्दच गेला आणि तेथे चिन्ह असलेले एक गोल बटण आले. २०१० च्या आवृत्तीत शब्द परत आला. म्हणजे काढण्यात चूक होती हे काढणाऱ्यांनाच कळले. मधल्या काळात तालुक्यातालुक्यांतल्या संगणक-वर्गांत त्या गोलाकडे बोट दाखवून 'हीच फाइल' असे सांगणाऱ्या शिक्षकांचे कोणी आभार मानल्याचे ऐकिवात नाही.

शब्द काढून चित्र ठेवायची ही खोड आम्हाला विशेष खुपते. चित्राला भाषा लागत नाही, असा या मंडळींचा भाबडा समज असतो. 'जतन करा' यासाठी जे चौकोनी चित्र वापरतात ती फ्लॉपी आमच्या आजच्या विद्यार्थ्यांपैकी एकानेही डोळ्यांनी पाहिलेली नाही. 'जतन' हा शब्द मात्र त्यांच्या आजीच्या तोंडी आहे.

मांडणी हे केवळ वेष्टन आहे, आशय तर तोच राहतो ना, असाही एक युक्तिवाद होतो. अंबाजोगाईत राहून हे ऐकून घेणे कठीण आहे. दासोपंतांनी (१५५१–१६१५) आपले 'पंचीकरण' सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर लिहिले. ती पासोडी आजही तेथे आहे. ओव्या कोठे, आकृती कोठे, कशाच्या शेजारी काय, हे त्या कापडावर आशयाइतकेच विचारपूर्वक ठरले आहे. मजकूर उतरवून घेऊन कोणत्याही क्रमाने छापला तर 'पंचीकरण' राहील, पासोडी राहणार नाही. अवकाशातली मांडणी हा अर्थाचा भाग असतो, हे आपण नवकवितेच्या तासाला शिकवतो आणि संगणकापुढे बसलो की विसरतो.

याहून जवळचा दाखला लिपीचा आहे. देवनागरी बदलण्याचे प्रयत्न काही कमी झाले नाहीत. छापखान्याचे खिळे कमी व्हावेत, टंकलेखन-यंत्र सोयीचे व्हावे, अशी कारणे तेव्हाही होती. यंत्राच्या सोयीला सुधारणा म्हणण्याची रीत जुनीच आहे. सावरकरांनी 'अ'च्या बाराखडीचा हिरिरीने पुरस्कार केला. १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे न्यावा अशी शिफारस केली. १९५७ साली ती मागे घ्यावी लागली. या सुधारणा बऱ्या की वाईट, हा येथे मुद्दा नाही. त्या उघड्यावर झाल्या, हा मुद्दा आहे. परिषदा भरल्या, लेख आले, टीका झाली, माघारही घेतली गेली. एका वेलांटीची जागा बदलण्यासाठी एवढा खटाटोप करावा लागला, कारण वेलांटी लिहिणाऱ्यांची आहे हे सर्वांना मान्य होते. ॲप बनवण्याच्या साधनात ठोकळ्याची जागा बदलायला कोणाला विचारावे लागते? साधन फुकट मिळते, मग तक्रार कसली, असे आम्हाला ऐकवले जाते. फुकट काहीच मिळालेले नाही. शिकण्याचे तास आमचे होते.

येथे न्यायाने एक बाजू नोंदवली पाहिजे. सर्व बदल वाईट नसतात. 'ॲप इन्व्हेंटर'च्या पहिल्या आवृत्तीत ठोकळे जुळवण्याची खिडकी वेगळी उघडावी लागे आणि त्यासाठी संगणकावर जावा असावे लागे. डिसेंबर २०१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत सारे ब्राउझरमध्येच आले. हा खरोखरीचा सोपेपणा होता. जुने प्रकल्प नव्यात थेट उघडत नव्हते, पण जुनी आवृत्ती काही काळ शेजारी चालू ठेवली गेली, ज्याला जसे जमेल तसे त्याने यावे म्हणून. 'वर्डप्रेस'ने ६ डिसेंबर २०१८ रोजी लेखनाची मांडणी आमूलाग्र बदलली, तेव्हाही वापरणाऱ्यांनी आरडाओरडा केला आणि जुनी मांडणी परत लावण्याचे अधिकृत साधन मिळाले. ते ५० लाखांहून अधिक संकेतस्थळांवर बसवले गेले. तेव्हा जुने आणि नवे शेजारी शेजारी ठेवणे अशक्य आहे, ही सबब कोणी सांगू नये. ते शक्य आहे. फक्त ओरडणाऱ्यांचे ऐकू जावे लागते. आष्टीचे ओरडणे तेवढ्या दूर पोहोचत नाही.

म्हणून नुसती मागणी करून थांबणे आम्हाला पुरेसे वाटत नाही. मागणी आहेच: मोठा बदल शैक्षणिक वर्षाच्या मध्ये लादू नये, जुनी मांडणी निदान एक जून ते पुढचा मे एवढा काळ उपलब्ध असावी आणि काय कोठे गेले हे शब्दांत, मराठीत सांगावे. पण जास्त महत्त्वाचे आपल्या हातात आहे. 'ॲप इन्व्हेंटर' मुक्तस्रोत आहे. त्याची प्रत कोणतीही संस्था स्वतःच्या सर्व्हरवर चालवू शकते आणि त्यातले शब्द आपल्या भाषेत आणू शकते. छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या विद्यापीठाने कौशल्याच्या तासिका अभ्यासक्रमात घातल्या आहेत, तर त्या तासिकांची एक स्थिर प्रत ठेवणे हेही विद्यापीठाचेच काम आहे. ग्रंथालयात 'लीळाचरित्रा'ची प्रत ठेवतो, तिची पाने दर सहा महिन्यांनी कोणी उलटसुलट लावत नाही. संगणकशास्त्र विभागाने सर्व्हर सांभाळावा आणि मराठी विभागांनी शब्द द्यावेत, अशी वाटणी आम्ही सुचवतो.

शब्दांचे काम आम्ही सुरूही केले आहे. 'जर–तर'चा ठोकळा विनासायास सुटला. तो संकेत आपल्या व्याकरणात आधीपासून आहे. अट पुरी होईस्तोवर तीच क्रिया करत राहणाऱ्या ठोकळ्याला 'जोवर–तोवर' म्हणावे असे अध्यापकांचे मत पडले. मुलांचे म्हणणे, 'फिरव' म्हणा. जात्याला तोच शब्द आहे. त्यावर अजून एकमत झालेले नाही.