रक्त तपासायचे, पण रोज कोणाचा बुडवून?

मधुमेहाच्या रुग्णाने ठरल्या मुदतीने रक्त तपासून घ्यावे, हा सल्ला द्यायला डॉक्टरला अर्धा मिनिट पुरतो. तो पाळण्यासाठी कामगाराला काय मोजावे लागते, याचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही. साखर तपासायची ती निदान आठ तास उपाशी राहून. मग खाऊन दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचे. प्रयोगशाळेचे दार उघडते तोवर कारखान्यातील पहिली पाळी सुरू झालेली असते. अहवाल संध्याकाळी मिळणार, डॉक्टर तो दुसऱ्या दिवशी पाहणार. सुईचे काम क्षणाचे. रोज मात्र दोन बुडतात. रात्री दोनला डबा खाऊन सकाळी सहाला सुटणाऱ्या रात्रपाळीच्या माणसाने उपाशीपोटी केव्हा जायचे, याचे तर कोणालाच सोयरसुतक नाही.

‘प्रकृतीपेक्षा नोकरी मोठी काय?’ असे विचारणारे सज्जन भेटतात. बहुधा त्यांची किरकोळ रजा शिल्लक असते. कंत्राटी कामगाराने वारंवार रजा मागितली की ‘आजारी माणूस’ हा शिक्का बसतो, आणि पुढच्या कंत्राटात नाव राहील याची शाश्वती उरत नाही. म्हणून तपासणी लांबते. मूत्रपिंड आणि डोळ्यांचा पडदा यांची हानी आरंभी दुखत नाही, त्यामुळे लांबणीवर टाकणे सोपेही जाते. ज्या कामाचा ताण आणि जागरण रक्तातील साखर वाढवितात, तेच काम ती मोजूही देत नाही.

1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आजारपणाचा भत्ता दिला, पण पहिले दोन दिवस सामान्यतः त्यातून वगळले. तपासणीचे दिवस नेमके त्यातच बसणारे. 21 नोव्हेंबर 2025 रोजी अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षिततेच्या संहितेत ठरावीक कामगारांच्या मोफत वार्षिक तपासणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. हे स्वागतार्हच. परंतु मधुमेह वर्षातून एकदा येऊन जाणारा पाहुणा नव्हे.

तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी तपासणी उपाशी न राहता, कोणत्याही वेळी करता येते. रक्तक्षय असल्यास ती फसवी ठरू शकते, हे खरे. तरी अनेकांची सोय तिने होईल. पाळी सुटताना कारखान्याच्या दवाखान्यातच रक्त घ्यावे आणि त्यासाठी लागणारा वेळ कामाचाच धरावा. कामगार संघटनांच्या मागणीपत्रकात महागाई भत्त्याच्या खालोखाल हे कलम यावयास हवे, आणि अहवाल मालकाच्या नव्हे, कामगाराच्याच हाती पडेल ही अटही त्यातच लिहिली जावी.