घर सजवा, पण उधारीवर नको



दिवाळी जवळ आली. पनवेलच्या बाजारातून उधारीवर तेलरंग आणण्याआधी मातीच्या भिंतीला हात लावून पाहा. पावसाळ्यात मुरलेली ओल तेलरंगाखाली कोंडते आणि पापुद्रे सुटतात. आधी भिंत सुकू द्या. चुनकळी आदल्या दिवशी भिजत घाला. ती उकळते, म्हणून पोरांना लांब ठेवा. निवल्यावर फडक्यातून गाळा, थोडा डिंक घाला आणि पातळ दोन हात द्या. ओटीवर गेरूचा पट्टा ओढून त्यावर तांदळाच्या पिठाने मुलामुलींना वारली चित्रे काढू द्या. याच चित्रकलेसाठी डहाणूकडचे जिव्या सोमा मशे २०११ साली पद्मश्री झाले. वाचलेला पैसा वालाच्या बियाण्याला ठेवा. भातकापणीनंतर तोच कामी येईल.