राष्ट्रगीतात कोणाचा देव?

बोईसर-पालघरच्या पट्ट्यातल्या शाळांचा सकाळचा परिपाठ पाहावा. आश्रमशाळेच्या रांगेत वारली आणि कातकरी मुले असतात. तारापूर एमआयडीसीलगतच्या शाळांत उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेल्या कामगारांची. ही सगळी मुले ५२ सेकंदांचे एकच कडवे म्हणतात. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेत राष्ट्रगीत जाहीर झाले, तेव्हा रवींद्रनाथांच्या पाच कडव्यांतले पहिलेच घेतले गेले. दुसऱ्या कडव्यात हिंदू, बौद्ध, शीख, जैन, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती अशी नावे येतात. हे गीत रचले गेले त्या १९११ सालच्या मानाने ते मन फार मोठे होते. तारापूरच्या पारशाला, वसईच्या ख्रिस्ती माणसाला त्यात आपण सापडतो. हिरवा, कणसरी, वाघदेव यांना पुजणारा वारली मात्र त्यात कुठेच नाही. धर्मांची यादी कितीही लांबवली तरी कोणीतरी उंबऱ्याबाहेर उरतोच. म्हणूनच प्रांत, पर्वत आणि नद्यांचे कडवे निवडले गेले ते योग्यच झाले.

यावर कोणी म्हणेल की प्रांतांची यादी तरी कुठे पुरी आहे? आसाम नाही, आणि सिंध तर सीमेपलीकडे गेला. खरे आहे, ‘सिंध’ वगळण्याची मागणी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि फेटाळली गेली. पण प्रांताचे नाव राहिले म्हणून कोणाच्या श्रद्धेवर घाला पडत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: या कडव्यातही भाग्यविधाता आहेच. आहे, पण त्याला नाव नाही, मूर्ती नाही, पूजाविधी नाही. ज्याने त्याने आपला अर्थ घ्यावा. ‘वंदे मातरम्’ची पहिली दोनच कडवी गाण्याचा काँग्रेस कार्यसमितीचा १९३७चा निर्णयही याच विवेकाचा होता, कारण पुढच्या कडव्यांत मातेला दुर्गेचे रूप येते. त्या निर्णयाला दुबळेपणा म्हणणे आम्हाला मान्य नाही. धर्माचा आधार काढला की देशभक्ती पातळ होते, असे मानणाऱ्यांनी पालघरच्या हुतात्मा स्तंभापाशी जावे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’ चळवळीतल्या गोळीबारात पडलेल्या ठाकूर, पागधरे, तिवारी, चुरी आणि मोरे या पाच जणांच्या वेळी देशाला अधिकृत राष्ट्रगीतच नव्हते; तरी त्यांची देशभक्ती पातळ पडली नाही.

कडवे सर्वसमावेशक असूनही एखाद्याची श्रद्धा ते गाण्याच्या आड येऊ शकते. केरळमधील तीन ख्रिस्ती भावंडे राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकले. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, बिजो इमॅन्युएल खटल्यात, त्यांना परत घ्यायला लावले. राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणारा १९७१चा कायदाही राष्ट्रगीत मुद्दाम रोखणाऱ्याला किंवा गाणाऱ्यांत व्यत्यय आणणाऱ्याला शिक्षा सांगतो, नुसत्या न गाणाऱ्याला नाही. तेव्हा जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना आमचे सांगणे आहे: राष्ट्रगीत मुलांना शुद्ध उच्चारांत, अर्थासह शिकवा, आणि एखादे मूल मान राखून गप्प उभे असेल, तर त्याला रांगेतून बाहेर काढू नका.