दुसरी किल्ली कोणाकडे?

गांधीबागेच्या कापड बाजारात व्यवहार कसा होतो, हे नागपूरकरांना सांगायला नको. गादीवर थान उलगडले जाते, भाव ठरतो, पैसे चुकते होतात आणि कापड घेणाऱ्याचे होते. मग त्याने त्याचा सदरा शिवावा, उशीचे अभ्रे करावेत की धाकट्या भावाला देऊन टाकावे. दुकानदार विचारायला येत नाही. सदरा अंगात घालण्यापूर्वी दर वेळी दुकानात येऊन पावती दाखवत जा, अशी अट कोणी घातली, तर सारा बाजार हसेल. पण याच बाजाराच्या आसपासच्या घरांत संगणकावर गेम खेळणारी मुले गेली कित्येक वर्षे नेमक्या याच अटीवर माल विकत घेत आली आहेत, आणि त्याबद्दल कोणालाही हसू येत नाही.

साठी ओलांडलेल्या माणसाने पोरांच्या खेळासाठी रविवारची जागा का अडवावी, असे वाचकांना वाटेल. कारणे दोन. आयुष्याची उमेदीची वर्षे मी बँकेत काढली. मालकी, ताबा आणि तारण या शब्दांवर माझी भाकरी चालली. दुसरे म्हणजे, मी कादंबऱ्या लिहितो. एका कार्यक्रमानंतर एका वाचकाने माझ्याच कादंबरीची बांधीव झेरॉक्स प्रत सहीसाठी माझ्यापुढे धरली होती. मी सही केली, पण घास कडू लागावा तसे झाले. तेव्हा चोरट्या प्रतींनी निर्मात्याच्या पोटावर पाय येतो, हे मला कोणी शिकवायला नको. गेम तयार करणाऱ्यांनी आपला माल राखावा, हे मला मान्यच आहे. प्रश्न एवढाच, की कुलूप नेमके कोणाला अडवते?

हे कुलूप जुने आहे. १९८९ साली आलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ अनेक वाचकांना आठवत असेल. संगणक नवे नवे असताना किती तरी कचेऱ्यांत जेवणाच्या सुट्टीत तो राजपुत्र उड्या मारत असे. पहिला टप्पा ओलांडला की अक्षरे लिहिलेल्या बाटल्यांची एक खोली लागे. सोबतच्या पुस्तिकेतील अमुक पानावरच्या तमुक ओळीतील शब्दाचे पहिले अक्षर ज्या बाटलीवर असेल, तीच प्यायची. ज्याच्याकडे पुस्तिका नाही तो चोर, असा हिशेब. काही कंपन्यांनी संकेतांचा तक्ता गडद लाल कागदावर छापला, म्हणजे झेरॉक्स निघू नये. झेरॉक्स निघत नसे हे खरे, पण विकत घेणाऱ्याचेही डोळे दुखत. आणि पुस्तिका कधीच नसलेल्यांनी अक्षरांची यादी वहीत उतरवून घेतली होती. त्यांचे काहीच अडले नाही.

पुढे सीडी आल्या आणि कुलूप सीडीत गेले. मूळ सीडी यंत्रात असल्याशिवाय गेम सुरूच होईना. माझ्या मुलाने शाळेत असताना खाऊचे आणि वाढदिवसाचे पैसे साठवून एक अस्सल गेम मागवला होता. नागपूरचा उन्हाळा, धूळ आणि मुलाचे हात. दोन वर्षांत सीडीवर ओरखडे आले. सीडी यंत्रात असतानाच पडद्यावर ‘मूळ सीडी घाला’ असे शब्द येऊ लागले. कंपनीला पत्र लिहिले, पावतीची प्रत जोडली. उत्तर आले नाही. शेजारच्या मुलाने फुटपाथवरून पन्नास रुपयांत तोच गेम आणला होता, कुलूप फोडलेला. तो म्हणाला, “काका, तुमची ओरिजिनल काय कामाची? माझी पाहा, मस्त चालून राहिली.” मुलाने मला विचारले, “बाबा, मग आपण पैसे कशाला दिले?”

बँकेत मला अवघड प्रश्न पुष्कळांनी विचारले. या प्रश्नाला मात्र ताळेबंदात उत्तर नव्हते. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण त्या दिवशी आमच्या बैठकीत येऊन बसली.

हे एका घरापुरते असते, तर मी ते लिहिले नसते. सीडीवरच्या कुलपांत ‘सेफडिस्क’ नावाची एक जात फार पसरली होती. ते कुलूप संगणकाच्या अगदी आतल्या कप्प्यात जाऊन बसे. त्यातून घुसखोरांना वाट मिळू शकते, हे लक्षात आल्यावर २०१५ च्या जुलैत आलेल्या विंडोज १० ने त्याला थारा दिला नाही आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आधीच्या आवृत्त्यांतही ते बंद केले गेले. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय योग्य होता. परिणाम मात्र असा झाला, की पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या कितीतरी अस्सल सीडी नव्या संगणकावर मुक्या झाल्या आणि कुलूप काढून टाकलेल्या चोरट्या प्रती त्या अडथळ्यातून सुटल्या.

त्याआधी कंपन्यांनी इंटरनेटचा पहारा बसवलाच होता. २००८ च्या सप्टेंबरमध्ये आलेला ‘स्पोर’ हा गेम सुरुवातीला तीनदाच संगणकावर बसवता येत असे. संगणक बिघडला, बदलला, पुन्हा बदलला, की परवानगीसाठी कंपनीच्या दारात उभे राहायचे. अमेरिकेत हजारो ग्राहकांनी त्याला मुद्दाम सर्वांत खालचे गुण देऊन निषेध केला आणि कंपनीला मर्यादा सैल करावी लागली. चोरांनी मात्र तो बाजारात येण्याच्या सुमारासच फोडला होता. २०१० मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ‘असॅसिन्स क्रीड २’ खेळताना इंटरनेटची जोडणी अखंड हवी, असा नियम केला. एकट्यानेच खेळायचा गेम, पण तार तुटली की खेळ थांबला. त्याच मार्चमध्ये कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे भरलेले लोक ताटकळत बसले. ज्या विदर्भाने भारनियमनाचे चटके सोसले, तेथील घरांत ही अट किती निर्दय ठरते, हे पॅरिसमध्ये बसून कळणे कठीणच.

याच कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटारींचा गेम २०१४ च्या डिसेंबरमध्ये आला. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचा सर्व्हर बंद झाला. गेमचा बराचसा भाग एकट्याने खेळता येण्याजोगा होता. पण सर्व्हरला विचारल्याशिवाय तो सुरूच होत नसल्याने विकत घेतलेल्या सर्वांच्याच हातातून तो गेला. आर्थिक वर्षअखेरीस खाती बंद करणे आम्हा बँकवाल्यांच्या ओळखीचे. पण त्यात खातेदाराची शिल्लकही नाहीशी होते, हे मी प्रथमच पाहिले.

बँकेचा लॉकर वाचकांनी पाहिला असेल. त्याला दोन किल्ल्या लागतात, एक ग्राहकाची आणि एक बँकेची. गेमचेही आता तसेच झाले आहे. दुसरी किल्ली कंपनीकडे असते. पण बँकेने दुसरी किल्ली हाती ठेवली, तर त्यासोबत जबाबदारीही येते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये काढलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार शाखा बंद होऊन लॉकर हलवायचे झाले, तर दोन वर्तमानपत्रांत, त्यांतील एक स्थानिक भाषेतील, जाहीर सूचना द्यावी लागते. ग्राहकाला किमान दोन महिने आधी कळवावे लागते आणि पर्यायही द्यावा लागतो. आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीने वस्तू गेली, तर वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत भरपाई आहे. किल्ली हवी, पण उत्तरदायित्व नको, असा सौदा बँकेला परवडत नाही. तो गेमच्या कंपन्यांना का परवडावा?

आपला कायदा याबाबत अर्ध्या वाटेवर उभा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ संगणक प्रणालीच्या कायदेशीर धारकाला नुकसानीपासून बचाव म्हणून एक राखीव प्रत काढू देते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते. ज्या कामाला कायद्याने स्पष्ट मनाई नाही, त्यासाठी कुलूप उघडायला सूट आहे. पण ते उघडून देणाऱ्याने समोरच्याचे नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवायची आहे. अशी नोंदवही ठेवणारा कारागीर गांधीबागेत काय, साऱ्या नागपुरात शोधून पाहा. हक्क कागदावर आहे; तो वापरायचे साधन ग्राहकाच्या हाती नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. गेमची बरीचशी विक्री पहिल्या काही आठवड्यांत होते. तेवढे दिवस कुलूप टिकले, तर शेकडो माणसांच्या कित्येक वर्षांच्या श्रमांचे मोल निघते. हे म्हणणे खोटे नाही. पण मग तेवढ्याच दिवसांसाठी कुलूप ठेवा आणि नंतर काढून घ्या. दहा वर्षांनीही ग्राहकाच्या दारावर पहारा कशासाठी? पोलंडमधील ‘सीडी प्रोजेक्ट’ या कंपनीने २००८ पासून ‘जीओजी’ या नावाने बिनकुलपाचे गेम विकायला घेतले. त्यांचा २०१५ चा ‘द विचर ३’ तेथे पहिल्या दिवसापासून कुलपाविना मिळत होता. सगळ्या यंत्रांवर आणि सगळ्या दुकानांत मिळून त्याच्या पाच कोटींहून अधिक प्रती खपल्या, असे कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले. ग्राहकावर विश्वास टाकला म्हणून कोणी बुडाले नाही.

जगात आता हालचाल दिसते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्याला स्पष्ट सांगावे लागते, की ग्राहक वस्तू विकत घेत नसून वापरण्याचा परवाना घेत आहे. ‘द क्रू’ प्रकरणातून युरोपात सुरू झालेल्या नागरिकांच्या मागणीने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. विकलेला गेम बंद करताना तो खेळण्याजोगा ठेवून जा, एवढीच ती मागणी आहे.

आपणही निदान तीन गोष्टी मागू शकतो. खोक्यावर किंवा पडद्यावर, आपल्या भाषेत, हा माल आहे की परवाना ते लिहा. दुसरी किल्ली बंद करणार असाल, तर दोन महिने आधी कळवा. आणि जाताना कुलूप काढून जा. मुलांसाठी गेम घेणाऱ्या पालकांनी पैसे देण्यापूर्वी दोन प्रश्न जरूर विचारावेत: इंटरनेट नसताना हा चालेल का, आणि संगणक बदलल्यावर चालेल का? आज गेमबद्दल विचारायचे ते उद्या पुस्तके, गाणी आणि अभ्यासाच्या प्रणालींबद्दलही विचारावे लागणार आहे. पुस्तकांची ती वेळ तर येऊनही गेली. २००९ च्या जुलैत अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या वादावरून ग्राहकांच्या किंडलमधून एक विकलेली कादंबरी परस्पर काढून घेतली होती. ती नेमकी जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ होती!

पैशाचे नुकसान भरून येते. घरात आपण मुलांना सांगतो, की चोरीचा माल घेऊ नये, कष्ट करणाऱ्याला त्याचे मोल द्यावे. ही शिकवण मुलांच्या मनात टिकवायची, तर प्रामाणिकपणे पैसे मोजणाऱ्याचा गेम चोराच्या गेमपेक्षा वाईट चालून भागणार नाही. निर्मात्यांनी आपल्या घराला खुशाल कुलूप लावावे. पण ज्याने दाम मोजले, त्याला आत घेऊन मग लावावे.