रेटिनॉइडची ट्यूब आणि आपल्याकडचे ऊन

त्वचेचे तारुण्य टिकवणारी म्हणून आज जी द्रव्ये विकली जातात, त्यांतील बहुतेकांविषयी मी साशंक आहे; रेटिनॉइड गटाविषयी मात्र नाही. 'अ' जीवनसत्त्वाशी नाते असलेली ही द्रव्ये पेशीकेंद्रातील ग्राहींवर कार्य करून बाह्यत्वचेच्या नवनिर्मितीस चालना देतात व खालच्या थरात कोलॅजन तयार होण्यास साहाय्य करतात. उन्हाने जीर्ण झालेल्या त्वचेवर ट्रेटिनॉइनचा होणारा परिणाम डॉ. अल्बर्ट क्लिगमन व सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केला. बारीक रेषा व डाग कमी होतात, तेही काही महिन्यांनी. खोल सुरकुत्या पुसल्या जात नाहीत.

माझा आक्षेप ते आपल्याकडे ज्या रूपात पोहोचते, त्याला आहे. बसवकल्याण, भालकी, आळंद भागांतील भगिनी पिशवीतून जी ट्यूब काढून दाखवतात, तीत ट्रेटिनॉइनसोबत बहुधा हायड्रोक्विनोन व स्टेरॉइडही असते. वांगासाठी, ठरावीक आठवड्यांपुरते, असे मिश्रण योग्यच. परंतु तीच ट्यूब पुढे 'गोरेपणाची क्रीम' होऊन जावेकडे, नणंदेकडे जाते आणि वर्षानुवर्षे लावली जाते. त्वचा पातळ व लाल होते, हनुवटीवर लव येते, आणि बंद करताच चेहऱ्याची आग होते. मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. व्यवहारात रिकामी ट्यूब हीच चिठ्ठी ठरते!

दुसरी गोष्ट उन्हाची. शुद्ध ट्रेटिनॉइननेही सुरुवातीस त्वचा सोलवटते व ऊन अधिक बाधते. शहरात कार्यालयात बसणाऱ्या स्त्रीसाठी लिहिलेली सूचना दिवसभर तुरीच्या रानात राबणाऱ्या स्त्रीला पुरत नाही. तिला रात्रीच, वाटाण्याएवढे, आरंभी एक दिवसाआड लावण्यास सांगावे. दिवसा सनस्क्रीन आणि तोंडावर पदर. गर्भवतीस, किंवा गर्भधारणेचा विचार असणारीस, हे देऊच नये. हा प्रश्न सासूसमोर विचारून खरे उत्तर मिळत नाही, एवढे आपण सर्व जाणतोच.

व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे की, मिश्र क्रीम लिहिताना बंद करण्याची तारीख चिठ्ठीवर ठळक लिहावी, मराठीत व कन्नडमध्येही. 'रात्री' हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, तेवढे तरी सोपे. औषधविक्रेत्यांनीही ती तारीख उलटल्यावर रुग्णास आपल्याकडे परत पाठवावे.