केमने आधी पायवाट आखावी

करमाळा तालुक्यातले केम हे कुंकवाचे गाव. इथले कुंकू राज्यभरातल्या देवस्थानांच्या बाजारपेठांत जाते. दौंड-सोलापूर लोहमार्गावरचे स्थानक आणि उत्तरेश्वराचे मंदिर यांमुळे माणसांची ये-जा कायमची, आणि त्यातली बरीचशी पायीच. असे गाव वाढू लागले की रस्त्याचे रुंदीकरण आधी सुचते, पदपथ मागाहून. ही चूक मोठ्या शहरांची करून झाली आहे.

पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद केले, बसायला बाकडी ठेवली, झाडे जपली. आता तिथे म्हातारी माणसेही निवांत चालतात. पण हे सगळे रस्ता गाड्यांनी व्यापल्यावर झाले, म्हणून खर्चिक ठरले.

इंडियन रोड्स काँग्रेसचे २०१२ चे निकष साधे आहेत: चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा, पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. उंची वाढली की गुडघेदुखीचा माणूस खाली उतरून डांबरावरूनच चालतो. विजेचा खांब, रोहित्र, दुकानाची पायरी या १.८ मीटरच्या बाहेर हवी. फेरीवाल्यांना हुसकावू नये. त्यांची जागा आखून द्यावी.

२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्यायोग्य पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. हा हक्क खेड्यालाही आहे. केमच्या ग्रामपंचायतीने स्थानक ते मंदिर हा रस्ता पुढच्या ग्रामसभेत चर्चेला घ्यावा, आणि आराखड्यात पहिली रेघ पदपथाची ओढावी.