चव कुणाची, कष्ट कुणाचे?



ऑगस्टमध्ये आमच्या तालुक्याच्या गावी रानभाजी महोत्सव भरला होता. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या आगेमागे कृषी खात्यातर्फे गेली काही वर्षं असे महोत्सव ठिकठिकाणी भरतात. बचत गटांच्या बायका रानातल्या भाज्या आणतात, रांधूनही आणतात. दीड वर्षाच्या नातीला नव्या चवी कळाव्यात म्हणून मी आणि माझा मुलगा तिला घेऊन गेलो. सून कामावर होती.

घरी ही पोर वरणभाताखेरीज काही खात नाही आणि त्याचा बोल लागतो सुनेला. 'आईनंच सवय लावली नाही,' हे आपल्यापैकी किती जणींनी ऐकलं असेल! खरं तर अनोळखी चव मूल आधी थुंकणारच. तोच पदार्थ आठ-दहा वेळा, थोडा थोडा, जबरदस्ती न करता पुढे ठेवावा लागतो. त्याला वेळ आणि धीर लागतो. तो घरातल्या एकाच बाईनं का द्यायचा? महोत्सवात मुलगा नातीला भरवत होता, तर तीन जणींनी मला विचारलं, "हिची आई नाही आली?"

एका स्टॉलवर टाकळा, कुर्डू, कर्टुली, भारंगी आणि नाचणीची भाकरी होती. मी भारंगी उचलली तशी तिथली बाई म्हणाली, "ताई, ती कडू. पोरीला आधी कुर्डू द्या, भाकरीत कुस्करून." मग तिनं सांगितलं : टाकळा कोवळा असतानाच खुडायचा. भारंगी उकडून पाणी पिळून टाकायचं. शेवळं काकडाच्या फळांशिवाय शिजवली तर घसा खाजतो, लहान मुलाला चुकूनही देऊ नयेत. हे सगळं ती आईबरोबर रानात हिंडून शिकली होती. नातीनं पहिला घास थुंकला, दुसरा तोंडात घोळवला आणि तिसऱ्याला स्वतःच तोंड उघडलं. आम्हाला कोण आनंद!

तेवढ्यात टेबलाखाली लक्ष गेलं. त्या बाईचा दोनेक वर्षांचा मुलगा तिथं बसला होता. हातात बिस्किटाचा पुडा. मी न राहवून विचारलं. ती म्हणाली, "पहाटे तीनला उठून रांधलं. ह्याला वाढत बसले तर इथं काय मांडू?"

माझ्या घशात घास अडकला. तिच्या घरची चव माझ्या नातीला मिळाली; तिच्या लेकराच्या वाट्याला पुडा आला. तिच्या ज्ञानाचं कौतुक वर्षातून एक दिवस होतं, पण त्या ज्ञानामागच्या कष्टांचा हिशेब कुणी मांडत नाही.

हा हिशेब आपण मांडायला हवा. अंगणवाडीची योजना १९७५ सालची. तीन वर्षांखालच्या मुलांना तिच्यातून घरी न्यायचा शिधा मिळतो. या आहारात ठेकेदार नकोत, गावातल्या महिला मंडळांना आणि बचत गटांना काम द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २००४ सालीच सांगितलं आहे. वनहक्क कायद्यानं २००६ साली गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला. मग पावसाळ्यात रानात उगवणारी भाजी अंगणवाडीच्या ताटात का येऊ नये? ती खुडणाऱ्या, निवडणाऱ्या, शिजवणाऱ्या बाईला रोजचं काम आणि रास्त मोबदला का मिळू नये? आणि महोत्सव भरवताना मांडव, फलक, सत्कार यांची तरतूद होते, मग स्टॉलवरच्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघराची आणि जेवणाची का नको?

पुढच्या वर्षी आमचा गट महोत्सवाच्या आधीच्या बैठकीला जाऊन हीच मागणी करणार आहे. तुमच्या तालुक्यात तुम्हीही करा. घरातही एक सुरुवात करता येईल. मुलाला नवी चव देण्याचं काम बाबांनी, आजोबांनी अंगावर घ्यावं. पोर पहिल्या घासाला थुंकेल. त्यांनी मात्र धीर सोडू नये!

तुमच्या गावात काय घडतं, ते आम्हाला जरूर लिहून कळवा. वाट पाहते.